अंदमानच्या पाच रात्री: 1942 ते 1945 च्या खुणा पाहायच्या असतील तर

प्रश्न खानापूरच्या एका शिक्षिका ताईंचा आहे. त्या, त्यांचे यजमान, यंदा एसएसएलसीची परीक्षा देणारा मुलगा आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले 78 वर्षांचे वडील अशा चौघांना पाच रात्रींसाठी अंदमानला जायचे आहे. वडिलांनी 1971 चे युद्ध पाहिले आहे. त्यांना तुरुंगाबरोबरच दुसऱ्या महायुद्धात तेथे जपानची सत्ता असतानाच्या खुणाही पाहायच्या आहेत, मुलाला समुद्र हवा आहे, वडिलांचा गुडघा दुखरा आहे आणि ते माळकरी असल्याने शाकाहारी आहेत. एका सहल कंपनीने त्यांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग असा चार ठिकाणांचा कार्यक्रम दिला असून तो इतक्या दिवसांत नीट होईल का, असे त्यांनी विचारले आहे. वडिलांनी आपली पदके बरोबर न्यावीत का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

ताई, तो कार्यक्रम होईल, परंतु आपल्या वडिलांना जे पाहायचे आहे ते त्यात दिसणार नाही. बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातील मंडळींना घेऊन मी बरीच वर्षे अंदमानला जात आलो आहे. सुरुवातीच्या काळात मीही याच पद्धतीने चार बेटे पाच दिवसांत बसवत असे आणि परतलेल्या लोकांना जेटी, बोटी आणि हॉटेलची खोली एवढेच आठवत असे. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: नील आणि बाराटांग वगळा, हॅवलॉकला एकच रात्र द्या आणि उरलेल्या चार रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये काढा. सप्टेंबर 2024 पासून या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम असे आहे, तसेच डिसेंबर 2018 पासून रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप म्हणतात. तिकिटांवर, फलकांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी आणि नवी दोन्ही नावे येतात, त्यामुळे दोन्ही माहीत असावीत. मी येथे शहराचे जुने नाव वापरतो.

पोर्ट ब्लेअरला एवढा वेळ का द्यावा, हे थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडून जाणारा मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये शिरतो तो सावरकर बंधूंच्या आठवणीने, आणि ते योग्यच आहे. विनायकरावांना जुलै 1911 मध्ये तेथे आणले गेले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तेथे होते आणि मे 1921 मध्ये दोघांना तेथून हलवले गेले. पुढे एप्रिल 1950 मध्ये विनायकरावांना स्वतंत्र भारताच्या सरकारने पुन्हा अटकेत ठेवले ते आपल्या बेळगावच्या तुरुंगात, हे आपल्या भागातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. मात्र बहुतेक प्रवाशांच्या मनात या इमारतीची कथा 1937-38 च्या सुमारास राजबंदी मुख्य भूमीवर परत पाठवले गेले तेथेच संपते. वास्तविक त्यानंतर चारच वर्षांत हा तुरुंग पुन्हा भरला आणि या वेळी तो भरणारे इंग्रज नव्हते.

23 मार्च 1942 रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले. इंग्रजांनी त्यापूर्वीच आपली फौज काढून घेतली होती, त्यामुळे मोठी लढाई झाली नाही. तेथपासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, ही बेटे जपानच्या ताब्यात होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या सत्तेखाली इतका काळ राहिलेला आजच्या भारताचा दुसरा भाग नाही. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे आफ्रिकेतील केरेनची लढाई, इटलीतील मोहीम, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. त्या लढाया दूरदेशी झाल्या. अंदमानात मात्र युद्ध आपल्याच नागरिकांच्या दारात आले होते, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता दिवसांची आखणी सांगतो. पहिल्या दिवशी आपण बहुधा दुपारपर्यंत उतराल. अनेक आयोजक त्याच दुपारी लोकांना तुरुंगात नेतात. तसे करू नये, कारण रात्रभर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने प्रवास करून बंगळूरहून सकाळचे विमान पकडलेला माणूस त्या व्हरांड्यात नुसते पाय ओढत असतो. जेवून विश्रांती घ्यावी आणि चार वाजता मरीना पार्कच्या बाजूला फिरायला जावे. एक गोष्ट लक्षात ठेवावी की, अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असून घड्याळ मात्र आपलेच आहे. त्यामुळे तेथे पाच-साडेपाचलाच अंधारू लागते आणि पहाटे पाचच्या सुमारास उजाडते. खानापूरचा माणूस ज्या वेळी संध्याकाळी फिरायला निघतो, त्या वेळी तेथे रात्र झालेली असते.

या परिसरातच जुने जिमखाना मैदान आहे. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजी सुभाषचंद्र बोसांनी येथे तिरंगा फडकावला. अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज अशी नावे त्यांनी दिली, आणि पुढे आझाद हिंद सरकारच्या वतीने लोकनाथन यांची मुख्य आयुक्त म्हणून नेमणूक झाली, तरी प्रत्यक्ष कारभार, विशेषतः पोलीस आणि संरक्षण, जपानी आरमाराच्याच हातात राहिला. याच मैदानावर ऑक्टोबर 1945 मध्ये जपानी सैन्याने शरणागती पत्करली. आपल्या वडिलांसारख्या सैनिकाला या मैदानावर उभे करून दोन्ही तारखा सांगाव्यात, असा माझा आग्रह असतो. येथे चढ-उतार नाही, त्यामुळे गुडघ्यालाही त्रास होत नाही.

दुसरा दिवस पूर्णपणे सेल्युलर जेलचा ठेवावा. सकाळी दार उघडताच आत जावे, कारण दहानंतर गर्दी आणि दमट उकाडा दोन्ही वाढतात. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या इमारतीला मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीन मजली शाखा होत्या आणि त्यांत जवळपास सातशे कोठड्या होत्या. आज तीनच शाखा उभ्या आहेत. बाकीच्या कशा गेल्या, हे पाहणे हाच या तुरुंगाचा पुढचा इतिहास वाचणे आहे. जून 1941 च्या मोठ्या भूकंपाने इमारत खिळखिळी केली, जपानी काळात बंकरांसाठी येथील विटा काढल्या गेल्या, स्वातंत्र्यानंतर आणखी शाखा पाडल्या गेल्या आणि 1963 मध्ये याच आवारात गोविंद वल्लभ पंत यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय उभे राहिले. तुरुंगात राहिलेल्या क्रांतिकारकांनी विरोध केला म्हणूनच उरलेला भाग वाचला आणि 11 फेब्रुवारी 1979 रोजी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाला. वयस्कर माणसाबरोबर जाणाऱ्याला हे मोठे रुग्णालय तुरुंगाला लागून आहे ही माहिती दिलासा देणारीही आहे.

सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथवर जिना चढावाच लागतो. वडिलांना एकदाच वर न्यावे आणि मध्ये थांबत न्यावे. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद असून तिला हाताला न लागणारा एकच झरोका आहे. खाली उतरल्यावर फाशीघर, कोलूची जागा आणि छायाचित्रांचे दालन पाहावे. येथपर्यंतचे सर्व तेथील गाईड चांगले सांगतात. जपानी काळाबद्दल मात्र आपण मुद्दाम विचारावे लागते, आणि विचारले की त्यांच्यातील जाणते लोक फार मन लावून सांगतात, कारण त्यांच्यापैकी काहींच्या घरांतली ही आठवण असते.

विचारण्याचे पहिले नाव डॉ. दिवाणसिंग यांचे. हे पंजाबी कवी आणि डॉक्टर भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या इंडियन इंडिपेन्डन्स लीग या संघटनेच्या बेटावरील कामात पुढे होते. जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून त्यांना याच तुरुंगात कोंडले, आठवड्यांमागून आठवडे छळले आणि 14 जानेवारी 1944 रोजी त्यांचा मृत्यू झाला. या तारखेशेजारी नेताजींच्या भेटीची तारीख ठेवून पाहा. 29 डिसेंबर 1943 रोजी नेताजी बेटावर उतरले तेव्हा दिवाणसिंग आणि त्यांच्यासारखे अनेक जण या भिंतींच्या आत होते. नेताजींना तुरुंग दाखवला गेला, परंतु हे कैदी त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाहीत. नेताजींविषयी नितांत आदर असलेल्या आपल्या लोकांना हे ऐकताना अवघड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मला स्वतःला असे वाटते की, यात नेताजींचे मोठेपण कमी होत नाही. परकी सत्ता, मग ती मित्र म्हणून आलेली का असेना, काय दाखवते आणि काय झाकते, हे मात्र येथे डोळ्यांना दिसते. आपला मुलगा त्या वयाचा आहे, त्याला हे दोन्ही सांगावे.

दुपारी विश्रांती घेऊन चॅथमची लाकूड गिरणी पाहता येईल. 1883 मध्ये सुरू झालेली ही सरकारी गिरणी पुलाने शहराला जोडलेली आहे. मार्च 1942 मध्ये जपानी विमानांनी टाकलेल्या बॉम्बचा खड्डा तिच्या आवारात जपून ठेवला आहे. तासाभरात हे होते. तिच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा. संध्याकाळी पुन्हा तुरुंगात ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाला बसावे आणि त्याची तिकिटे आधीच काढून ठेवावीत, कारण हंगामात ती ऐनवेळी मिळत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीने रॉस बेटावर जावे. ॲबर्डीन जेटीवरून हे अंतर दहा-पंधरा मिनिटांचे आहे. 1858 पासून जपानी येईपर्यंत बहुतेक काळ इंग्रजांचे ठाणे येथेच होते. त्यांचे चर्च, बेकरी, आयुक्तांचा बंगला आणि नाचगाण्याची दालने आज वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी कवटाळलेली आहेत, आणि आपल्या भीमगडच्या रानात वाढलेल्या माणसालाही ती मुळे पाहून थबकायला होते. 1941 च्या भूकंपाने हे ठाणे मोडकळीस आले आणि त्यानंतर वर्षभरातच येथे जपानी तोफखाना आला. त्यांचे काँक्रीटचे बंकर जेटीच्या जवळच आहेत. नेताजींचा मुक्काम याच बेटावरील आयुक्तांच्या निवासस्थानी होता. बेटावर ज्येष्ठांसाठी बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. ती गाडी वडिलांसाठी अवश्य घ्यावी, कारण टेकडीचा चढ दिसतो त्यापेक्षा दमवणारा आहे. त्याच बोटीने नॉर्थ बे जोडून देण्याचा आग्रह बोटवाले करतात. आपण तो मान्य करू नये, कारण त्या नादात रॉसला तासभरच मिळतो.

त्याच दिवशी जेवणानंतर एक गाडी ठरवून हंफ्रेगंजला जावे. दक्षिण अंदमानच्या ग्रामीण भागातील हे ठिकाण जवळजवळ कोणत्याच सहलीत नसते, आणि माझ्या मते पाच रात्रींच्या या प्रवासात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. 30 जानेवारी 1944 रोजी, म्हणजे जिमखान्यावर तिरंगा फडकल्यानंतर बरोबर एका महिन्याने, जपान्यांनी हेरगिरीचा आरोप ठेवून 44 भारतीयांना तुरुंगातून येथे आणले आणि गोळ्या घालून एका चरात पुरले. त्यांतील बहुतेक जण इंडियन इंडिपेन्डन्स लीगचेच, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूचेच होते. तेथे स्मारक आहे, दर 30 जानेवारीला त्यांना मानवंदना दिली जाते, एरवी तेथे शांतता असते. चालकाला गावाचे नाव आणि स्मारक दोन्ही नीट सांगावे, कारण पर्यटकांना नेणाऱ्या नव्या चालकांना ते माहीत नसते. परतताना दिवस असेपर्यंत कॉर्बिन्स कोव्हच्या किनारी रस्त्याने यावे. समुद्राकडे तोंड करून बसवलेले जपानी बंकर रस्त्याच्या कडेलाच आहेत. बंकरची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, त्यातून मारा कुठवर पोहोचला असता, हे आपले वडील मुलाला कोणत्याही गाईडपेक्षा चांगले सांगतील. त्याबरोबर हेही सांगावे की, धावपट्टी आणि संरक्षणाची अशी कामे करण्यासाठी बेटावरच्या गावांतून माणसे सक्तीने आणली जात होती.

चौथ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप गाठावे. खासगी बोटींना साधारण दीड ते अडीच तास लागतात, सरकारी बोट स्वस्त पण हळू असते. बोट लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये. त्यासाठी आपल्याकडचे भडंग बरोबर असावे. राधानगर किनाऱ्यावर चारच्या आत पोहोचावे, म्हणजे मुलाला पाण्यात भरपूर वेळ मिळेल आणि सूर्यास्तही दिसेल. वाळू घट्ट असल्याने वडिलांना तेथे चालणे जमते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि त्याचे वडील एलिफंट बीचवर प्रवाळ पाहायला जाऊ शकतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर आहे, त्यामुळे जेथे पोहण्यास परवानगी आहे असा फलक असेल तेथेच आणि जीवरक्षकांच्या नजरेसमोरच पाण्यात उतरावे. किनाऱ्यावरचे प्रवाळ किंवा शिंपले पिशवीत टाकू नयेत, कारण वन्यजीव कायद्याखाली अनेक प्रकारांना मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

या सुंदर बेटालाही युद्धाने सोडले नव्हते. शेवटच्या काळात मित्रराष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे अंदमानात धान्य येईनासे झाले. तेव्हा ऑगस्ट 1945 मध्ये जपान्यांनी कामास निरुपयोगी ठरवलेल्या शेकडो लोकांना शेतीसाठी नवीन जागा देतो असे सांगून बोटींत बसवले आणि हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात ढकलून दिले. बरेच जण बुडाले, जे किनाऱ्याला लागले ते उपासमारीने गेले आणि मोजकेच वाचले. मी हे लोकांना राधानगरवर सांगत नाही, परतीच्या बोटीत सांगतो. आपण केव्हा सांगावे हे आपले आपण ठरवावे, पण मुलाला सांगितल्याशिवाय परत आणू नये.

पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत यावे आणि शेवटची रात्र तेथेच काढावी. हा नियम मी कधीही मोडू देत नाही. काही वर्षांपूर्वी परतीच्या विमानाच्याच दिवशी सकाळची बोट ठेवण्याची चूक माझ्याकडून झाली, समुद्र खवळल्यामुळे ती बोट रद्द झाली आणि अकरा माणसांची विमानाची तिकिटे वाया गेली. त्यांत दोघांना दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचे होते. हवामान बिघडले की बोटी थांबतात आणि त्यावर कोणाचाही इलाज चालत नाही.

नील वगळल्याने आपले फार नुकसान नाही, तेथील किनारे हॅवलॉकच्याच जातीचे आहेत. बाराटांगचे कारण वेगळे आहे. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जावे लागते, पुढे बोट आणि चुनखडीच्या गुहेपर्यंत ओबडधोबड पायवाट आहे, आणि वडिलांच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. शिवाय त्या रस्त्यावर बरेच लोक जारवांना पाहायला मिळावे म्हणून जातात. त्यांचे छायाचित्र घेणे हा गुन्हा आहेच, पण माणसे पाहण्यासाठी गाडीत बसणे मला पटत नाही, म्हणून मी तो रस्ता सोडला आहे.

काळाविषयी बोलायचे तर परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. दसऱ्याच्या सुट्टीत तेथे पावसाचा भरवसा नसतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळे होतात. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. उकाडा मात्र कारवारच्या मे महिन्यासारखा असतो, खानापूरच्या हवेची सवय असलेल्यांना पहिले दोन दिवस जड जातात, म्हणून दुपारी बारा ते तीन खोलीत राहावे. जेवणाची चिंता नको. बेटांवर तमिळ आणि बंगाली वस्ती मोठी असल्याने इडली, भात, सांबार आणि साधी शाकाहारी थाळी सर्वत्र मिळते. वडील माळकरी असल्याने स्वयंपाकघर वेगळे असलेले हॉटेल मागावे आणि एकादशी येत असेल तर शेंगदाण्याचे लाडू घरूनच न्यावेत. भारतीय नागरिकांना या बेटांसाठी परवाना लागत नाही, परंतु प्रत्येक बोटीवर मूळ ओळखपत्र पाहिले जाते. स्वराज द्वीपवर एटीएम मोजकी आहेत, तेव्हा रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी.

पदकांविषयी: अवश्य न्यावीत. ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि वडिलांचे माजी सैनिकाचे ओळखपत्रही बरोबर असावे. तुरुंगात गर्दी असते, तेथे नकोत. माझ्याबरोबर आलेले निपाणीचे एक निवृत्त सुभेदार ती हंफ्रेगंजला लावत असत. ते गाडीतून उतरण्यापूर्वी कोट चढवीत, पदके लावीत आणि एकटेच पुढे जात. आम्ही मागे थांबत असू. आपल्या वडिलांनाही तेथे थोडा वेळ एकटे राहू द्यावे, आणि पोर्ट ब्लेअरमध्ये सकाळीच फुले घेऊन ठेवावीत, कारण त्या गावात ती मिळत नाहीत.